वकील संघातून महिला वकिलांना पुढे आणायचं तर: सुरुवात कामाच्या वाटपापासून

बहुतेक जिल्हा आणि तालुका वकील संघांत ८ मार्चला सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिलं जातं, भाषणं होतात. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पुकार सुरू झाला की उलटतपासणीला तेच चार-पाच सीनिअर उभे राहतात आणि ज्युनिअर मुली मुदतीचा अर्ज हातात घेऊन मागच्या बाकावर थांबलेल्या असतात. संघाला खरंच काही करायचं असेल तर हात या अकरा वाजताच्या चित्राला घालावा लागतो. वकिली वाढते ती कोर्टात उभं राहून बोलल्याने. कोणी कोणाला उभं करायचं हे संघ ठरवू शकत नाही, पण नियम, पॅनेलची (सरकारी कार्यालयं, बँका वगैरे आपल्या कामासाठी ठेवतात त्या वकिलांच्या यादीची) माहिती आणि थोडा आग्रह या तिन्ही गोष्टी संघाच्या हातात आहेत. पुढची पद्धत पन्नास ते पाचशे सदस्यांच्या संघासाठी आहे.

आधी मोजा

मोजल्याशिवाय सभेत बोलायला गेलात तर एकच उत्तर मिळतं: "आपल्याकडे असा भेदभाव नाहीच." म्हणून दोन तक्ते करा.

पहिला सदस्ययादीचा. सनद (वकिलीचा परवाना) मिळून किती वर्षं झाली यावर पाच रकाने पाडा: ३ वर्षांपर्यंत, ३ ते ७, ७ ते १२, १२ ते २० आणि २० च्या वर. हे टप्पे उगाच घेतलेले नाहीत. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालाने ३ वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आली. जिल्हा न्यायाधीशपदाच्या थेट भरतीला ७ वर्षं लागतात, आणि नोटरीसाठी सर्वसाधारण अट १० वर्षांची असली तरी महिलांना ७ वर्षं पुरतात. संघाच्या यादीत सनदेची तारीख नसेल तरी अडत नाही, सनद क्रमांकाच्या शेवटी वर्ष असतंच. प्रत्येक रकान्यात महिला किती, हे लिहिलं की गळती नेमकी कुठे होते ते दिसतं. पहिल्या रकान्यात मुली भरपूर आणि चौथ्यात बोटांवर मोजण्याइतक्या, असं चित्र बऱ्याच ठिकाणी निघेल.

दुसरा तक्ता उभं राहण्याचा. एक जिल्हा न्यायाधीश, एक वरिष्ठ स्तर, एक कनिष्ठ स्तर आणि एक फौजदारी अशी चार कोर्टं निवडा आणि एक महिना मोजा. लॉ कॉलेजचे दोन विद्यार्थी मागे बसवले तरी काम होतं. छापील कागदावर पाच रकाने हवेत: मुदत मागितली, सरतपासणी (आपल्याच साक्षीदाराला प्रश्न), उलटतपासणी (समोरच्याच्या साक्षीदाराला प्रश्न), अंतरिम अर्जावर युक्तिवाद, अंतिम युक्तिवाद. ऑनलाइन दिसणाऱ्या रोजनाम्यावरून (कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीवरून) हे मोजायला जाऊ नका. प्रत्यक्ष कोण बोललं ते त्यात पुष्कळदा येत नाही, वकीलपत्र (पक्षकाराने वकिलाला दिलेलं अधिकारपत्र) ज्याचं त्याचंच नाव दिसतं. मे महिना, दिवाळी आणि राष्ट्रीय लोकअदालतीचा आठवडा टाळा, त्या काळातले आकडे फसवे असतात.

इथे एक चूक हमखास होते. अमुक सीनिअरच्या चेंबरमध्ये मुलींना काहीच मिळत नाही, असं नावानिशी बाहेर पडतं आणि पुढचे सहा महिने भांडणात जातात. तक्त्यात वकिलांची नावं लिहूच नका. पुरुष की महिला, सनदेचा रकाना आणि कामाचा प्रकार, एवढ्यावर भागतं.

कार्यकारिणीतल्या जागा

यासाठी आता भक्कम आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२४ च्या आदेशाने सुप्रीम कोर्ट बार असोसिएशनमध्ये कार्यकारिणीच्या ९ पैकी किमान ३ जागा, ज्येष्ठ कार्यकारी सदस्यांच्या ६ पैकी किमान २ जागा आणि पदाधिकाऱ्यांचं किमान एक पद महिलांसाठी राखून ठेवायला सांगितलं. हे पद आळीपाळीने बदलायचं होतं, आणि २०२४-२५ साठी खजिनदारपदापासून सुरुवात झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्लीतल्या जिल्हा वकील संघांत खजिनदारपद आणि कार्यकारिणीच्या ३० टक्के जागा राखीव करण्याचा आदेश आला. हे आदेश त्या-त्या संघांपुरते आहेत, तुमच्या संघाला आपोआप लागू होत नाहीत. सभेत उगाच "आता हे सक्तीचं आहे" असं म्हणाल तर समोरचा वकीलच आहे, तो लगेच पकडेल. आधार म्हणून मांडा आणि स्वतःच्या घटनेत दुरुस्ती करून घ्या.

ठरावाचा मसुदा असा ठेवता येईल:

"कार्यकारिणीच्या निवडून द्यायच्या एकूण जागांपैकी किमान एक तृतीयांश जागा महिला सदस्यांसाठी राखीव राहतील, अपूर्णांक आल्यास पुढचा पूर्णांक धरला जाईल. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव व खजिनदार यांपैकी किमान एक पद प्रत्येक निवडणुकीत महिला सदस्यासाठी राखीव राहील व ते आळीपाळीने बदलेल. राखीव जागेसाठी अर्ज न आल्यास सात दिवसांची मुदतवाढ दिली जाईल. त्यानंतरही जागा रिकामी राहिल्यास कार्यकारिणी ती महिला सदस्यांमधूनच भरेल. महिला सदस्यांना खुल्या जागा लढवण्यास कोणताही प्रतिबंध राहणार नाही."

यातलं प्रत्येक वाक्य एकेक पळवाट बुजवतं. अपूर्णांकाचं लिहिलं नाही तर ११ जागांत ३ की ४ यावर वाद होतो. (या मसुद्याप्रमाणे ४.) रिकाम्या जागेचं लिहिलं नाही तर "अर्जच आला नाही" म्हणून जागा खुली होते, आणि अर्ज येऊ नये याचीही व्यवस्था करता येते. शेवटचं वाक्य नसेल तर हळूहळू समज रुजतो की बायकांनी त्यांच्याच जागा लढवाव्यात.

"महिला प्रतिनिधी" किंवा "महिला उपाध्यक्ष" असं वेगळं पद निर्माण करून समाधान मानू नका. नोटीस सचिव काढतो आणि पैसा खजिनदाराकडे असतो, तेव्हा आळीपाळीची सुरुवात या दोनपैकी एका पदापासून करा. खजिनदार महिला असली की वाचनालय, स्वच्छतागृह, प्रशिक्षण यांचा खर्च अंदाजपत्रकात आपसूक चर्चेला येतो.

कार्यपद्धतीत चूक झाली तर सगळं पाण्यात जातं. आधी स्वतःच्या घटनेतलं दुरुस्तीचं कलम वाचा: नोटीस किती दिवसांची, गणपूर्ती किती, बहुमत कोणतं. नोटिशीत "घटनादुरुस्तीवर विचार करणे" एवढंच लिहून भागत नाही, दुरुस्तीचे शब्द जसेच्या तसे द्या. राखीव जागा हा नियमांतला बदल आहे. पण त्याबरोबर संघाच्या उद्देशांतही भर घालणार असाल तर संस्था नोंदणी अधिनियम १८६० चं कलम १२ लागतं: दहा दिवस आधी प्रस्ताव सदस्यांच्या हाती, विशेष सभेत तीन पंचमांश मतं आणि एक महिन्यानंतरच्या दुसऱ्या सभेत पुन्हा तितकीच. संघ सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेला असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद करून घेण्याचा अर्ज) ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात द्या. सोबत नोटिशीची प्रत, ती बजावल्याचा पुरावा आणि सभेचं इतिवृत्त जोडा. बजावणीचा पुरावा हीच बहुतेक ठिकाणची दुखरी नस असते.

मतदारयादीकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. बाळंतपणात किंवा आजारी माणसाच्या सेवेत वर्ष गेलं की वर्गणी थकते आणि निवडणुकीच्या तोंडावर नाव यादीतून गळतं. म्हणजे ज्यांच्यासाठी जागा राखली त्यांनाच मत नाही. घटनेत सरळ लिहा की कळवून घेतलेल्या खंडाच्या काळात वर्गणी निम्मी राहील आणि मतदानाचा हक्क कायम राहील. निवडणुकीच्या नव्वद दिवस आधी थकबाकीची यादी फलकावर लावा आणि प्रत्येकीला फोन करा.

सभेची वेळही पाहा. संध्याकाळी सहानंतरच्या सभेला एसटीने ये-जा करणाऱ्या आणि लहान मुलं असणाऱ्या सदस्य येऊ शकत नाहीत. दुपारच्या सुट्टीत किंवा पावणेपाचला घेतली तर उपस्थिती बदलते.

मॅटर हातात देणं

मार्गदर्शन योजना म्हणून चहा, ओळख आणि दोन व्याख्यानं ठेवली तर योजना तीन महिन्यांत विझते. जोडी लावताना काम मोजून ठरवा. एक सीनिअर, दोन ज्युनिअर, बारा महिने, आणि प्रत्येक ज्युनिअरला किमान एवढं: चार अंतरिम अर्जांवर स्वतः युक्तिवाद, दोन साक्षीदारांची सरतपासणी, दोघांची उलटतपासणी, एक अंतिम युक्तिवाद आणि किमान सहा मॅटरमध्ये संयुक्त वकीलपत्र.

संयुक्त वकीलपत्र हा यातला गाभा आहे. ज्युनिअरचं नाव वकीलपत्रावर नसेल तर तिने तीन वर्षं राबूनही कागदावर तिचा मागमूस उरत नाही. पुढे न्यायिक सेवेसाठी वकिलीचा दाखला, पॅनेलचा अर्ज किंवा उच्च न्यायालयात ज्येष्ठ वकील होण्यासाठीचा अर्ज करायची वेळ येते तेव्हा हाती निकालपत्रं लागतात, आणि त्यांवर नाव लागतं. अंतिम युक्तिवाद ज्युनिअरने केला असेल तर तिचं नाव निकालपत्राच्या मथळ्यात यावं, अशी विनंती त्याच दिवशी करायची. निकाल टाइप झाल्यावर उपयोग नाही.

प्रत्येक ज्युनिअरने एक वही ठेवावी: तारीख, कोर्ट, मॅटर क्रमांक, काय केलं, न्यायाधीशांनी काय विचारलं. दर तिमाहीला सीनिअरने त्यावर सही करायची. हाच पुढे पुरावा होतो.

उलटतपासणी पहिल्यांदा देताना खून-दरोड्यातला मुख्य साक्षीदार देऊ नका, पंच (पंचनाम्याचा साक्षीदार) द्या. पंचनाम्याची वेळ, जागा, सही कुठे केली, पंच आधी कुठल्या गुन्ह्यात पंच होता का, एवढ्या मर्यादित मुद्द्यांवर वीस मिनिटांची उलटतपासणी बसते आणि चुकली तरी मॅटर बुडत नाही. दिवाणीत महसुली उतारे किंवा हस्ताक्षर शाबीत करायला आलेला औपचारिक साक्षीदार चांगला. आदल्या दिवशी सीनिअरने प्रश्न ऐकावेत, दुसऱ्या दिवशी शेजारी बसावं आणि मध्ये उठू नये. सीनिअर मध्येच उभा राहिला की साक्षीदार, न्यायाधीश आणि पक्षकार, तिघांच्याही लेखी ज्युनिअर संपते.

"बाई वकील नको, तुम्हीच उभे राहा" असं पक्षकार म्हणतो, ही अडचण खरी आहे. यावर उपाय वकीलपत्र घेतानाच करायचा. पहिल्याच भेटीत ज्युनिअरला शेजारी बसवून कागद तिला वाचायला द्यायचे, तारखा तिने सांगायच्या आणि फोन नंबर तिचा द्यायचा. तीन तारखांनंतर पक्षकार तिलाच फोन करू लागतो. ऐन सुनावणीच्या सकाळी नवी व्यक्ती समोर आणली तर त्याचं बिचकणं साहजिक आहे.

दुसरा सापळा विषयाचा. पोटगी, घटस्फोट, कौटुंबिक हिंसाचार ही कामं मुलींकडे आपोआप वळतात. ती चांगलीच कामं आहेत, पण तेवढ्यावरच ठेवलं तर जमिनीचे दावे, भूसंपादनाचे संदर्भ, धनादेश अनादराची प्रकरणं, मोटार अपघात आणि लवाद ही उत्पन्न देणारी दालनं बंद राहतात. योजनेत नियम ठेवा की निम्मी मॅटर कौटुंबिक सोडून इतर असतील. संघाच्या व्याख्यानमालेतही हाच दंडक लावा. महिला वकिलांना बोलवायचं ते ऑर्डर ३९ वर (दिवाणी दाव्यातल्या तात्पुरत्या मनाईहुकुमावर), वाटपाच्या दाव्यातल्या कोर्ट कमिशनवर, डिजिटल पुराव्याच्या प्रमाणपत्रावर. महिलाविषयक कायद्यांवर एखादा पुरुष वकील बोलू दे.

पैशाचं मोकळेपणाने बोला. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरसाठी शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतनाची शिफारस केली. ही शिफारस आहे, आणि तालुक्याच्या ठिकाणी अनेक सीनिअरना ती झेपत नाही. तिथे निदान दर उभं राहण्यामागे ठरावीक रक्कम, प्रवासखर्च आणि टायपिंगचा खर्च असं लिखित ठरवता येतं. घरून पैसे आणून वकिली टिकवण्याची मुभा मुलाला एकवेळ मिळते, मुलीला घर लवकर विचारतं: "अजून किती दिवस?"

पॅनेल, नेमणुका आणि तारखा

या बाबतीत संघ फार स्वस्तात फार मोठं काम करू शकतो. पॅनेलच्या जाहिराती बहुधा तोंडोतोंडी फिरतात, आणि त्या ज्या टपरीवर फिरतात तिथे मुली नसतात. संघाने एक फलक आणि एक मेसेज-यादी ठेवावी आणि त्यावर सगळं टाकावं: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं पॅनेल, सहायक सरकारी वकिलांच्या जाहिराती, नगरपालिका, जिल्हा परिषद, बँका, विमा कंपन्या, मध्यस्थ, कोर्ट कमिशनर, नोटरी.

लोकअभिरक्षक कार्यालयाकडे (गरजू आरोपींना विधी सेवा प्राधिकरणातर्फे मोफत वकील देणाऱ्या कार्यालयाकडे) विशेष लक्ष द्या. तिथे मुख्य पदाला फौजदारी वकिलीची किमान १० वर्षं आणि उपपदाला ७ वर्षं लागतात, पण सहायक पदाला ० ते ३ वर्षांचा अनुभव चालतो. नव्या मुलीला फौजदारी बाजू शिकण्याची याहून चांगली जागा जिल्ह्यात क्वचितच मिळेल, आणि ठरलेलं मानधन आहे. मध्यस्थीसाठी ४० तासांचं प्रशिक्षण लागतं. इच्छुकांची यादी आधीच तयार असेल तर वर्ग जाहीर होताच नावं पाठवता येतात.

सात वर्षांच्या रकान्यातल्या प्रत्येकीला संघाने स्वतःहून कळवावं की नोटरीसाठी ती पात्र झाली आहे. पुष्कळजणी दहा वर्षांच्या समजुतीत तीन वर्षं घालवतात.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या संघांना आणखी एक संधी आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. मुंबईत मुक्काम टाकून अपील चालवणं ज्यांना घरामुळे शक्य नव्हतं त्यांना आता ते आवाक्यात आलंय. रिट याचिकेची बांधणी, पेपरबुक आणि ई-फायलिंगवर दोन शनिवारांची कार्यशाळा इथे कुठल्याही सत्कारापेक्षा जास्त कामाची.

खंड आणि परत येणं

वकिलाला प्रसूती रजा देणारा मालक नसतो. त्यामुळे रजेची व्यवस्था संघालाच करून द्यावी लागते, आणि ती सातव्या महिन्यात सुरू करायची असते. चालू मॅटरची यादी करा, प्रत्येकापुढे पुढची तारीख, टप्पा आणि घेतलेली फी लिहा. बदली वकील ठरवून त्यांचं नाव मूळ वकीलपत्राबरोबर जोडा, स्वतःचं नाव मात्र काढू नका. फीची वाटणी आणि मॅटर परत करण्याची तारीख एका कागदावर दोघांच्या सहीने लिहा. "नंतर बघू" म्हणून दिलेली मॅटर परत येत नाहीत. दोष द्यावा तरी कोणाला, पक्षकारच तिकडे रुळलेला असतो.

नुसतं घरी असताना सनद स्थगित करायची गरज नाही. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली तरच बार कौन्सिलला कळवून ती स्थगित करावी लागते, आणि परतताना प्रतिज्ञापत्रासह अर्ज करून वकिली पुन्हा सुरू करता येते. हे न कळवता नोकरी केली तर पुढे न्यायाधीशपदाच्या पडताळणीत ती वर्षं अंगावर येतात.

लग्नानंतरच्या नावाबद्दल आधीच सांगा. सनदेवर एक नाव, वकीलपत्रावर दुसरं आणि निकालपत्रात तिसरं असेल तर पंधरा वर्षांनी ती सगळी एकाच वकिलाची निकालपत्रं आहेत हे सिद्ध करत बसावं लागतं. व्यवसायात एकच नाव ठेवा, शक्यतो सनदेवरचं. नाव बदलायचंच असेल तर आधी बार कौन्सिलच्या नोंदीत बदला आणि मग वकीलपत्रावर वापरा.

स्वच्छतागृह

१५ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या सर्व न्यायालयांत स्त्रिया, पुरुष, अपंग आणि तृतीयपंथी यांच्यासाठी स्वतंत्र स्वच्छतागृहांचे निर्देश दिले. प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज देताना "सोय अपुरी आहे" असं लिहू नका. एक आठवडा रोज अकरा आणि तीन वाजता तपासा: पाणी आहे का, आतली कडी लागते का, दिवा, कचरापेटी, किल्ली कोणाकडे. दहा नोंदींचा तक्ता अर्जाला जोडा आणि प्रत सार्वजनिक बांधकाम विभागाला द्या. किल्ली शिपायाकडे मागावी लागते, या एका कारणाने मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि दुपारनंतरच्या उलटतपासणीत ते जाणवतं.

तक्रार आली तर

इथे कायद्याची नीट समज हवी. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की बार कौन्सिल आणि वकील यांच्यात मालक-नोकर नातं नाही, त्यामुळे वकिलांच्या तक्रारींसाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समिती नेमण्याचं बंधन बार कौन्सिलवर येत नाही. व्यावसायिक गैरवर्तनासाठी वकील अधिनियमाचं कलम ३५ आहे. तेव्हा संघाने फलकावर "२०१३ च्या कायद्यानुसार समिती" असं लिहून चौकशी केली तर पहिलाच आक्षेप अधिकारक्षेत्राचा येईल. समिती संघाच्या घटनेखाली, आचारसंहिता म्हणून नेमा. किमान निम्म्या महिला, अध्यक्ष महिला, एक सदस्य संघाबाहेरची. शिक्षा संघाच्या हातात असतील तेवढ्याच लिहा: समज, सदस्यत्व स्थगित करणं, बाररूमची बंदी, कलम ३५ ची तक्रार करायला साहाय्य.

सीनिअरच्या कार्यालयात काम करणाऱ्या मुलीचा प्रश्न वेगळा. त्या कायद्यातल्या कर्मचाऱ्याच्या व्याख्येत शिकाऊ, प्रशिक्षणार्थी आणि विनामोबदला काम करणारी व्यक्तीही येते. दहापेक्षा कमी माणसांचं कार्यालय असेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुदत घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन. म्हणून संघाची चौकशी चालू आहे एवढ्यावर विसंबू नका, स्थानिक समितीचा पत्ता पहिल्याच दिवशी तिच्या हाती द्या. "मिटवून टाका" म्हणून तिला गळ घालू नका. समेट फक्त तक्रारदाराने मागितला तरच होतो, आणि त्यात पैशाची देवघेव चालत नाही.

सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट म्हणजे तिची पुढची वकिली. तक्रार केली त्या संध्याकाळी तिची बसायची जागा, पुस्तकं आणि मॅटर सगळंच जातं. समिती नेमतानाच तीन सीनिअरकडून लेखी संमती घेऊन ठेवा की अशा वेळी ते तिला लगेच आपल्या चेंबरमध्ये घेतील.

दप्तर

कार्यकारिणी बदलली की या योजना बुडतात, कारण कागद मावळत्या सचिवाच्या घरी राहतात. मोजणीचे तक्ते, जोड्यांची यादी, पॅनेलच्या तारखांचं वेळापत्रक आणि समितीचा नेमणूक ठराव एका फाइलमध्ये घालून ती वाचनालयाच्या कपाटात ठेवा आणि पदभार हस्तांतरणाच्या यादीत तिचा क्रमांक घाला. समितीकडे आलेल्या तक्रारी मात्र या फाइलमध्ये नकोत, त्या समितीच्या अध्यक्षांकडे बंद पाकिटात. मोजणी दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच चार कोर्टांत करा आणि दोन्ही वर्षांचे आकडे वार्षिक सभेच्या नोटिशीबरोबर छापून पाठवा.